सरकारच भागधारक आणि सरकारच नियम करणार, मग छोट्या भागधारकाचं काय?

दस्तऐवज:
गेले दोन आठवडे मारियाना पार्गेंडलर यांचा २०१२ सालचा एक दीर्घ लेख वाचतेय. त्या मूळच्या ब्राझीलच्या, कंपनी कायद्याच्या अभ्यासक. लेख सरकारी मालकी आणि कंपन्यांच्या कारभाराबद्दल आहे. सरकारी कंपन्या नीट का चालत नाहीत यावर आपल्याकडे भरपूर लिहून झालंय, पण बाईंचा प्रश्न निराळा आहे. सरकार स्वतः मोठा भागधारक असेल तर कंपनी कायदा लिहिताना त्याचा हात स्वतःच्याच बाजूला झुकतो, आणि त्याचा फटका खासगी कंपन्यांतल्या छोट्या भागधारकालाही बसतो, असं त्या म्हणतात.

ब्राझीलमधलंच उदाहरण घ्या. तिथल्या १९७६च्या कायद्यात नियम होता की कंपनीचं नियंत्रण विकलं गेलं तर घेणाऱ्याने मतदानाचा हक्क असलेल्या छोट्या भागधारकांनाही तोच भाव द्यायचा. १९९७ उजाडलं, सरकारला कंपन्या विकायच्या होत्या. नियम राहिला असता तर नियंत्रणासाठी मिळणारा चढा भाव सगळ्यांत वाटावा लागला असता. सरकारने नियमच काढून टाकला. पुढच्या वर्षी टेलेब्रास ही दूरसंचार कंपनी विकली. आणि नियम फक्त सरकारी कंपन्यांपुरता गेला नव्हता, सरसकट गेला होता. ज्यांचा सरकारशी काडीचा संबंध नव्हता अशा कंपन्यांचे भागधारकही उघड्यावर आले. २००१ मध्ये नियम परत आला, तोही ८० टक्के भावावर.

हे वाचून मला राहवेना, म्हणून आपल्याकडचं काढून बघितलं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे किमान २५ टक्के शेअर जनतेकडे हवेत. सरकारी कंपन्यांना २०१० मध्ये १० टक्क्यांची सवलत दिली, २०१४ मध्ये त्यांनाही २५ लागू केले, मग मुदतवाढीवर मुदतवाढ. शेवटी जुलै २०२१ मध्ये जनहिताचं कारण देऊन कुठल्याही सरकारी कंपनीला यातून सूट द्यायचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. भागधारकाने स्वतःलाच सूट द्यायची! एलआयसीचे जेमतेम साडेतीन टक्के शेअर मे २०२२ मध्ये विकले, आणि २५ टक्क्यांसाठी मुदत आहे २०३२ची.

त्याआधी जून २०१५ची अधिसूचना. स्वतंत्र संचालक होणारी व्यक्ती सचोटीची आणि जाणकार आहे की नाही, हे एरवी संचालक मंडळ ठरवतं. सरकारी कंपनीत ते संबंधित मंत्रालय ठरवणार. ज्याच्यापासून स्वतंत्र राहायचं, तोच स्वातंत्र्याचा दाखला देणार. मला हे मुळातच चूक वाटतं. तुम्हाला?

पाणंद:
ताई, लेखन आवडलं, पण निष्कर्ष पटला नाही. तुम्हीच सांगितलं की ब्राझीलमध्ये नियम सगळ्यांसाठी काढला आणि बाईंच्या म्हणण्यातला जीव तिथेच आहे. आपल्याकडे तसं कुठे झालंय? २५ टक्क्यांची सूट सरकारी कंपनीलाच. खासगी प्रवर्तकाला ती आजही मिळत नाही. ताबा घेण्याचे २०११चे नियमही जागच्या जागी आहेत, २५ टक्क्यांची रेषा ओलांडली की आणखी २६ टक्क्यांसाठी खुली ऑफर, म्हणजे इतर भागधारकांचे शेअर विकत घ्यायची तयारी, द्यावीच लागते. म्हणजे सरकारने स्वतःसाठी वेगळं दार केलं, बाकीच्यांचं दार मोडलं नाही. हा दोष असेलही, पण तो वेगळा दोष आहे.

दुसरं, कोल इंडियाचा शेअर २०१० मध्ये २४५ रुपयांना घेताना प्रत्येकाला माहीत होतं की मालक कोण आहे. डोळे उघडे ठेवून घेतलंय ना?

दस्तऐवज:
पहिला मुद्दा मान्य. आपल्याकडची गळती ब्राझीलइतकी सगळीकडे पसरलेली नाही, हे मी नीट मांडायला हवं होतं.

पण वेगळ्या दारातून काय काय नेलं जातं ते बघा. जानेवारी २०१८, ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने एचपीसीएल या दुसऱ्या सरकारी तेल कंपनीचे ५१.११ टक्के शेअर सरकारकडून ३६,९१५ कोटींना घेतले. अंतिम मालक तोच राहिला म्हणून खुली ऑफर नाही, त्यामुळे एचपीसीएलच्या इतर भागधारकांना तो भाव मिळाला नाही. ओएनजीसीला त्यासाठी कर्ज काढावं लागलं. सरकारचं त्या वर्षीचं ७२,५०० कोटींचं निर्गुंतवणुकीचं उद्दिष्ट मात्र पार पडलं. ओएनजीसीच्या छोट्या भागधारकाला कोणी विचारलं होतं?

सातबारा:
दस्तऐवजताई, तुम्ही सगळा हिशेब भागधारकाच्याच बाजूने मांडताय. सरकारी कंपनी नफ्यासाठी काढलेलीच नसते. कंपनी कायद्याच्या कलम १६६ मध्येसुद्धा संचालकाचं कर्तव्य सांगताना भागधारकांसोबत कर्मचारी, समाज आणि पर्यावरण आहे.

टीसीआय नावाचा परदेशी फंड आठवतो का? कोल इंडियात त्यांचा वाटा एक टक्क्याच्या आसपास. २०१२ मध्ये त्यांनी संचालकांवर खटला भरला, का तर कोळसा बाजारभावापेक्षा स्वस्त विकताय. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रपतींच्या नावाने निर्देश निघाला की वीज कंपन्यांशी पुरवठ्याचे करार करा, किमान ८० टक्के कोळशाची हमी द्या. सगळे म्हणाले हा हस्तक्षेप. मी म्हणतो, याचसाठी तर सरकारी कंपनी असते! कोळसा महाग झाला की वीज महाग, आणि ते बिल शेअर नसलेला माणूस भरतो. एक टक्कावाल्या फंडासाठी त्याने का भरावं?

आणि देखरेख नाही म्हणता? लेखापरीक्षक कॅग नेमतं, वर स्वतःचं पूरक परीक्षण करतं. संसदेची सार्वजनिक उपक्रम समिती १९६४ पासून आहे. माहिती अधिकार लागू आहे. खासगी कंपनीत यातलं एक तरी दाखवा. सत्यम या खासगी आयटी कंपनीत नामांकित स्वतंत्र संचालक बसले होते, त्यांच्यादेखत काय झालं?

दस्तऐवज:
सत्यमचंच बोलू. १६ डिसेंबर २००८ला मंडळाने प्रवर्तकाच्याच घरच्या, मेटासच्या दोन कंपन्या घ्यायचा निर्णय केला, स्वतंत्र संचालकांनी अडवला नाही, हे खरं. पण भागधारक असे भडकले की काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. टीसीआयने दोन वर्षं कोर्टकज्जे केले आणि शेवटी शेअर विकून निघून गेले. बाजाराची भीती खासगी प्रवर्तकाला असते. नियंत्रक सरकारला ती कोण दाखवणार?

स्वस्त कोळशाला माझा विरोध नाही, हे ठासून सांगते. स्वस्त द्यायचा तर अर्थसंकल्पात अनुदान म्हणून लिहा, संसदेत मत घ्या. कंपनीच्या हिशेबात लपवलं की ते दिसत नाही, आणि त्याचा एक हिस्सा ज्यांना शेअर विकलेत त्यांच्या खिशातून जातो.

पाणंद:
‘लपवलं’ कसं? निर्देश जाहीर होता.

दस्तऐवज:
निर्देश जाहीर होता, त्याची किंमत कुठेच लिहिली नव्हती.

मिनिटबुक:
इथे सहसा फक्त वाचतो. एका सरकारी कंपनीत कंपनी सेक्रेटरी आहे, नाव सांगत नाही.

स्वतंत्र संचालकांबद्दल जे आत बसून दिसतं ते सांगतो. आमच्याकडे एकदा चार जणांची मुदत एकाच महिन्यात संपली. जागा ठरावीक मुदतीत भरायची असा सेबीचा, म्हणजे बाजार नियामकाचा नियम. मी मंत्रालयाला पत्र पाठवलं. उत्तर आलं, ‘प्रस्ताव विचाराधीन आहे.’ मग स्मरणपत्र एक, दोन, पाच. तिकडे शेअर बाजाराची ईमेल दर तिमाहीला न चुकता येते, दिवसाला पाच हजार रुपये दंड, वर जीएसटी. मी उत्तर देतो की नेमणूक आमच्या हातात नाही, कृपया दंड माफ करावा. हाच मजकूर मी इतक्या वेळा पाठवलाय की आता फक्त तारीख बदलतो. सचिवीय लेखापरीक्षण अहवालातही दरवर्षी तेच वाक्य.

आणि हे फक्त कागदावरचं नाही. ऑडिट कमिटीच्या गणपूर्तीला किमान दोन स्वतंत्र संचालक लागतात. आमच्याकडे एकच उरला होता. कमिटीची बैठकच होईना, तिमाहीचे निकाल थेट मंडळापुढे गेले. ज्या टेबलावर आकड्यांना अवघड प्रश्न विचारायचे, ते टेबलच रिकामं. सातबारा म्हणतात तसं कॅग आहे, पण कॅग झाल्यावर बघतं. व्हायच्या आधी विचारणारं कोणी नव्हतं.

मला याचा मनापासून त्रास होतो. आमचे इंजिनियर उत्तम काम करतात, आणि कारभाराच्या प्रत्येक अहवालात कंपनी नापास दिसते, न केलेल्या गुन्ह्यासाठी.

ओटी:
वेगळी बाजू. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून कोल इंडिया घेतला होता. जानेवारी २०१४ मध्ये शेअरमागे २९ रुपये अंतरिम लाभांश आला. बाबांनी तो मेसेज मला दोनदा वाचून दाखवला. सरकारला तिजोरी भरायची होती म्हणून दिला असेल, पण जेवढा सरकारला तेवढाच बाबांना. मोठा भागधारक सरकार असणं दर वेळी छोट्याच्या मुळावर येतं असं नाही.

दस्तऐवज:
ओटी, हे मला सुचलं नव्हतं. लाभांशात दोघं एकाच रांगेत असतात, खरंय. पण एचपीसीएलच्या व्यवहारात रांग वेगळी झाली, पैसे फक्त एकाला मिळाले. म्हणून लाभांशापेक्षा अशा व्यवहारांवर डोळा ठेवायला हवा असं मला वाटतं.

सातबारा:
मिनिटबुक यांचं वाचून मी थोडा मागे सरकतो. जागा रिकाम्या ठेवण्यात कुठलंही जनहित नाही, त्याचा बचाव मी करणार नाही. कोळशाच्या भावावर मात्र ठाम आहे.

मिनिटबुक:
सातबारासाहेब, आभार. आणखी एक. तो दंड कंपनी भरते, म्हणजे चुकलेला भागधारक आणि न चुकलेला भागधारक दोघं मिळून भरतात. ओटींच्या बाबांनी पण भरलाय. दंड नेमणूक अडवणाऱ्या विभागावर लावा ना.

पाणंद:
विभागावर लावला तर करदाता भरेल, म्हणजे शेअर नसलेलाही.

मिनिटबुक:
मग पैसे नकोत. शेअर बाजार नियम न पाळणाऱ्या कंपन्यांची यादी लावतो, तिथे आमच्या नावापुढे एक रकाना वाढवा: नेमणूक कोणत्या मंत्रालयाकडे, किती दिवस अडकली. माझ्या सहाव्या स्मरणपत्राला आज ४१ दिवस झाले.