सोनोग्राफी झालीये, मग सीटीला चौथ्या दिवसापर्यंत का थांबवतायत?

सिंहगडरोडकर:
परवा रात्री सासऱ्यांच्या पोटात जाम दुखायला लागलं, कळा पार पाठीपर्यंत, ॲडमिट केलं तर रक्तात लायपेज (स्वादुपिंडातलं पाचक द्रव्य) भरपूर वाढलेलं, स्वादुपिंडाला सूज आहे म्हणाले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले पण गॅसमुळे स्वादुपिंड धड दिसलंच नाही. आता रक्तपुरवठा बघायला कॉन्ट्रास्ट सीटी करायचाय म्हणे, पण चौथ्या दिवशी! सासूबाईंचं सुरू झालंय, माणूस इथे कळवळतोय आणि हे थांबा म्हणतात, दुसरीकडे हलवूया. काय करू? आणि एमआरसीपी (एमआरआयचाच एक प्रकार) केलं तर नाही का चालणार?

डायवाला:
मी सीटीवर काम करतो, कोथरूडला. निदान पक्कं आहे ना, मग थांबवतायत ते बरोबरच आहे. डाय, म्हणजे तो कॉन्ट्रास्ट, रक्तातून जातो, जिथे रक्त पोचतं तो भाग उजळतो, मेलेला भाग काळाच राहतो, पण हा फरक सुरुवातीला नीट उमटत नाही, दुखणं सुरू झाल्यापासून ७२ ते ९६ तास गेले की खरं चित्र कळतं. आज केलात तर कदाचित परत करावा लागेल. निदानाबद्दलच शंका असली किंवा पेशंट ढासळला तर डॉक्टर आधीही करतात, तो भाग वेगळा. टायमिंगचा खेळ आहे सगळा, डाय सोडल्यावर साधारण ४०-४५ सेकंदांनी स्वादुपिंड सगळ्यात छान उजळतं, लिव्हरला ७० च्या आसपास. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघितलंय का तेवढं विचारा. आणि सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा, डाय जाताना अंग एकदम गरम होतं, लघवी झाल्यासारखं वाटतं, लोक जाम घाबरतात.

औंधची_मावशी:
एमआरसीपीत आमचाही असाच घोळ झाला होता. त्यात नळ्या दिसतात हो, पित्ताची नि स्वादुपिंडाची, अडकलेला खडा दिसतो, रक्तपुरवठा नाही दिसत, त्याला एमआरआयमध्येही वेगळा डाय द्यावा लागतो. आणि तेवढा वेळ दुखणारा माणूस त्या बोगद्यात निपचित पडणार कसा?

उंदीरमामा:
थोडं अवांतर, पीएचडी यातच चाललीये म्हणून राहवत नाही. सोनोग्राफीतही कॉन्ट्रास्ट असतो बरं का, गॅसचे बारीक बुडबुडे शिरेतून सोडतात, ते रक्तवाहिनीबाहेर जात नाहीत आणि गॅस श्वासातून निघून जातो, किडनीवर भार नाही. पण पोटात गॅस असला की तिथेही बोंब, त्यामुळे तुमच्या केसमध्ये उपयोग कमीच. आमचा प्रॉब्लेम वेगळाच, इन्सुलिन बनवणारी बेटं स्वादुपिंडाच्या जेमतेम १-२ टक्के, पण रक्त खेचतात १०-१५ टक्के, आणि ती इतकी बारकी की सीटीत दिसायचा प्रश्नच नाही. म्हणून ती उंदराच्या डोळ्यात, बुबुळावर बसवतात आणि पारदर्शक पडद्यातून मायक्रोस्कोपने रक्त वाहताना चक्क बघतात!

सिंहगडरोडकर:
झाला आज सीटी. शेपटीकडचा थोडासा भाग उजळला नाही, बाकी सगळीकडे रक्त पोचतंय, खड्यांचं ऑपरेशन सूज उतरल्यावर. डायवाले, ते गरम लागण्याचं सांगितलंत ते बरं झालं, सासरे बाहेर येऊन म्हणाले, जावईबापूंनी सांगितलं नसतं तर मी बेल दाबूनच ठेवली असती. सासूबाईंना मात्र उंदराचा डोळा सांगून बसलो, आता त्याच विचारतायत, तो उंदीर बघू शकतो का?