शिळ्या पावाचं इथेनॉल: मक्याला हात लावायच्या आधी हे करून बघायला नको का?

नदीकाठ

पंपावर आता ई२० मिळतंय, म्हणजे पेट्रोलात २० टक्के इथेनॉल. ते येतं कुठून, तर ऊस, मका आणि एफसीआयच्या, म्हणजे सरकारी अन्न महामंडळाच्या, गोदामातला तांदूळ. २०२३ च्या डिसेंबरात सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घातली, सगळा भार मक्यावर आला, आणि एरवी मका बाहेर विकणारा आपला देश २०२४ मध्ये तो आयात करायला लागला. पोल्ट्रीवाले खाद्याच्या भावाने हैराण झाले. आणि दुसरीकडे युनोच्या पर्यावरण विभागाचा अहवाल म्हणतो की एकट्या २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं.

माझं म्हणणं एवढंच की कणसं टाकीत ओतायच्या आधी फेकलेला पाव तरी वापरा. फिनलंडच्या एसटी१ कंपनीने 'इटॅनॉलिक्स' या नावाने बेकऱ्यांच्या उरलेल्या मालापासून इथेनॉल करणारे प्लांट टाकले, स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या रिफायनरीत २०१५ मध्ये एक सुरू झाला, वर्षाला ५० लाख लिटरचा. यात अवघड रसायनशास्त्र काही नाही. पावाचा चुरा पाण्यात कालवून तापवला की घट्ट खळ होते, ढवळणारं पातंसुद्धा फिरेनासं होतं, त्यात ८५-९० अंशाला अल्फा-अमायलेज हे एन्झाइम टाकलं की स्टार्चच्या साखळ्या तुटतात आणि तीच खळ बघता बघता पाण्यासारखी पातळ होते. मग ग्लुकोअमायलेज त्याची साखर करतं आणि साखरेचं अल्कोहोल करायला यीस्ट आहेच. २०१८ च्या जैवइंधन धोरणात खराब धान्य आणि सडके बटाटे चालतात असं लिहिलंय, मग अडलंय कुठे?

ओला_सुका_वेगळा

नदीकाठ, तळमळ पोचली, पण मी विरोधात आहे. आमच्या सोसायटीचा बायोगॅस मी बघते, रोज काय येतं ते डोळ्यांनी बघते. भात, चहाचा चोथा, भाज्यांची देठं, आमटी. यात तीन चतुर्थांश तर पाणीच. टनभर कचऱ्यात कोरडा माल फार तर अडीचशे किलो, त्यात स्टार्च-साखर निम्मी धरा, ग्लुकोजच्या वजनाच्या ५१ टक्क्यांवर इथेनॉल कागदावरसुद्धा मिळत नाही, म्हणजे हाती साठ-सत्तर लिटर आले तर आले. तेही आधी पाण्यातून उकळून वेगळं काढायचं, आणि नुसतं उकळून ९५-९६ टक्क्यांच्या पुढे जात नाही, पेट्रोलात घालायला ९९.५ लागतं, म्हणून पुढे उरलेलं पाणी शोषून घेणारी मॉलिक्युलर सीव्ह. गॅस मात्र आपला आपण पाण्यातून वर येतो! आणि बायोगॅसच्या टाकीतले जिवाणू स्टार्चवर थांबत नाहीत, तेल आणि डाळसुद्धा खातात. इंदूरचा प्लांट २०२२ पासून आहे, रोज ५५० टन ओला कचरा आणि सुमारे १७ टन सीबीजी, म्हणजे दाबून भरलेला बायोगॅस, अशी त्याची क्षमता. आपल्याकडे आनंद कर्व्यांनी 'आरती' या संस्थेमार्फत खरकट्यावर चालणारा घरगुती प्लांट दिला, भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'निसर्गऋण' बायोगॅस प्लांट आहे. जे जमतंय ते नीट चालवू या ना.

रात्रपाळी_केमिस्ट

धान्याच्या डिस्टिलरीत काम करतो म्हणून बोलतो. खरकटं माझ्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या टाकीत, नको. शिजलेलं अन्न काही तासांत आंबतं, म्हणजे लॅक्टिक ॲसिडवाले जिवाणू यीस्टच्या आधीच साखरेवर बसलेले असतात, तेवढं इथेनॉल गेलं ते गेलंच. शिवाय मीठ, आणि लिंबा-संत्र्याच्या सालीच्या तेलातलं लिमोनीन, दोन्ही यीस्टला मारक. पाव मात्र वेगळा, कोरडा असतो, जवळपास निम्मा स्टार्चच. टनाला अडीचशे ते तीनशे लिटर निघायला हरकत नाही. मक्याचे ३८० च्या आसपास निघतात, म्हणजे फार मागे नाही. आम्ही मॅशचा, म्हणजे एन्झाइम घातलेल्या खळीचा, थेंब पांढऱ्या टाइलवर घेऊन आयोडीन टाकतो, निळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, निळा झाला नाही की बॅच पुढच्या टप्प्याला पाठवायची. पावाची बॅचही तशीच जाईल. मी विरोधात नाही, पण 'अन्नकचरा' असा एकच शब्द वापरून सगळं एका ढिगात टाकू नका.

गोठा_आणि_शेती

बेकरीचा परतीचा पाव वाया जातो हे कोणी सांगितलं तुम्हाला? तो तबेल्यात जातो. शहराच्या कडेला जनावरं पाळणाऱ्याला पेंडीचा भाव परवडत नाही तेव्हा हाच माल आधार असतो. उद्या कारखान्याचा टेम्पो दोन रुपये जास्त देऊन तो उचलायला लागला की आम्ही काय घालायचं, मका? म्हणजे मका वाचवायला निघालात आणि आम्हाला मक्याच्याच दुकानात उभं केलंत. चांगल्या पावाला इंधनवाल्यांनी हात लावू नये, स्पष्ट सांगतो.

नदीकाठ

दादा, चांगला पाव आधी माणसाला, मग जनावराला, याच्याशी माझं भांडण नाहीच. मी बुरशी आलेल्याबद्दल बोलतोय. पावसाळ्यात तो किती असतो ते बेकरीवाल्याला विचारा. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष जनावराच्या पोटातून दुधात उतरतं, तो माल गोठ्यात जाताच कामा नये.

रात्रपाळी_केमिस्ट

मग पुढचंही बोलायला हवं. अफ्लाटॉक्सिन उकळून इथेनॉलबरोबर वर जात नाही, खाली उरतं. स्टार्च निघून गेल्यावर राहिलेल्या चोथ्यात ते तिप्पट दाट होतं. डिस्टिलऱ्या हा चोथा वाळवून पशुखाद्य म्हणून विकतात, बुरशीच्या पावाचा तो विकता येणार नाही आणि धंद्याचं अर्धं गणित तिथेच बसलेलं असतं. तो चोथा डायजेस्टरमध्येच, म्हणजे बायोगॅसच्या टाकीतच, टाकावा लागेल.

ओला_सुका_वेगळा

म्हणजे शेवटी गॅसच.

जुनी_कात्रणं

वाहतुकीबद्दल कोणीच बोललं नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला दारूगोळ्यासाठी ॲसिटोन हवं होतं, रसायनशास्त्रज्ञ खाईम वाइझमन यांनी क्लॉस्ट्रिडियम जिवाणू वापरून स्टार्चपासून ॲसिटोन आणि ब्युटेनॉल काढायची पद्धत बसवली. १९१७ मध्ये धान्य टंचाईचं झालं तेव्हा शाळेच्या मुलांकडून हॉर्स चेस्टनटची फळं गोळा करून घेतली. मुलांनी टनांनी गोळा केली, पण वाहून न्यायला गाड्या पुरल्या नाहीत, रेल्वे स्टेशनांवर ढीग सडले. जी इंग्लंडमधल्या किंग्ज लिनच्या ॲसिटोन कारखान्यात पोचली तीही त्या कामाला निकृष्ट निघाली. जिवाणू तयार होते, कच्चा माल फुकट होता, पाठीशी अख्खं सरकार होतं, तरी ही गत! मुंबईचा पाव सांगलीच्या साखर कारखान्यात इथेनॉल करायला नेणार कोण आणि कितीचं डिझेल जाळून?

ओला_सुका_वेगळा

अगदी हेच म्हणायचंय मला. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. स्कूटर, बस, रिक्षा गॅसवर नाहीतर बॅटरीवर चालेल, विमानाला द्रवच लागतं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एनआरईएल या राष्ट्रीय ऊर्जा प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी अन्नकचऱ्यापासूनच विमानाचं इंधन करायचा मार्ग मांडला. डायजेस्टरमधल्या जिवाणूंना मिथेनपर्यंत, म्हणजे गॅसपर्यंत, जाऊच द्यायचं नाही, मधल्या फॅटी ॲसिडवर थांबवायचं आणि ती कॅटॅलिस्टवर (उत्प्रेरकावर) जोडून लांब साखळ्या करायच्या. यात खरकटंही चालतं. द्रव इंधनासाठी कोणी माझा डायजेस्टर मागितला तर यासाठी देईन, पेट्रोलात मिसळायला नाही देणार.

नदीकाठ

विमानाचं व्हायला वेळ आहे, मक्यावरचा भार आजचा आहे. आणि सांगलीलाच का न्यायचं? २०२५ मध्ये केंद्राने सहकारी साखर कारखान्यांचे इथेनॉल प्लांट मका आणि खराब धान्यावरही चालावेत म्हणून व्याज सवलतीची योजना काढली. गाळप हंगाम संपला की एरवी हे प्लांट पडून असतात. पुण्याच्या आसपासच्या तालुक्यांत कारखाने आहेत, साखर कारखान्यांच्या बऱ्याच डिस्टिलऱ्यांत स्पेंटवॉशचे, म्हणजे डिस्टिलरीच्या सांडपाण्याचे, डायजेस्टरही असतात, म्हणजे केमिस्टसाहेबांचा विषारी चोथा तिथेच जिरेल आणि ताई, तुमचा गॅसही तिथेच निघेल. मक्याबरोबर शंभरात पाच-दहा भाग पाव घालून तर बघा.

रात्रपाळी_केमिस्ट

पाच-दहा टक्के चालून जाईल. पण आधी प्लास्टिकच्या पिशव्या फोडायची सोय करा, पाव त्यातूनच येतो, एक तुकडा जरी पंपात अडकला तरी लाइन बंद. आणि तेल कंपन्या इथेनॉलचा दर कच्च्या मालाप्रमाणे देतात, मक्याचा वेगळा, खराब धान्याचा वेगळा. बुरशीचा पाव कुठल्या रकान्यात धरणार हे लेखी ठरल्याशिवाय कुठलाही कारखाना पहिला टेम्पो आत घेणार नाही.