पऱ्हाटीचा भुगा आणि राळेची पकड
पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, भुगा थेट पॉलिएस्टर राळेत (घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकमध्ये) कालवून तक्ते ओतावेत, अशी एक सूचना केली जाते; ती आकर्षक असली तरी तीत ओलाव्याचा विचार सुटला आहे. वनस्पतिज तंतू पाणी धरतो, तर राळ पाण्याला दूर सारते. त्यामुळे दोहोंची पकड ढिली राहून पावसाळ्यात तक्ता कडांनी फुगतो. तंतू सुमारे ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवून, धुऊन, कडक वाळवल्यास मेण व हेमिसेल्युलोज (तंतूतील पाणी धरणारा घटक) बरेचसे निघून पृष्ठभाग खरखरीत होतो आणि राळेची पकड सुधारते. (धुण्यासाठी एवढे पाणी मराठवाड्यात ऐन उन्हाळ्यात आणायचे कुठून, हा प्रश्न उरतोच.) शिवाय भुग्याने तक्ता भरतो, परंतु ताण सोसण्यास लांब तंतू लागतो आणि तो आपल्याकडे अंबाडीच्या सालीत आहे. राळेऐवजी पॉलिप्रॉपिलीन हे उष्णतेने वितळणारे प्लास्टिक वापरल्यास तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आत ठेवावे, अन्यथा तंतू करपतो.