प्रतिसाद: वेगोवीवरून मौंजारोवर जाताना
ताई, वजन कमी करायचं इंजेक्शन वेगोवी 1.7 मिलिग्रॅमवर वजन अडलंय, तर मौंजारो हे दुसरं इंजेक्शन थेट 7.5 पासून घेऊ का, असं विचारलंत. कृपा करून तसं करू नका. दोन्ही आठवड्यातून एकदाच टोचायची, पण वेगोवीत सेमाग्लुटाइड हे औषध, मौंजारोत टिरझेपटाइड; मिलिग्रॅमचा हिशेब जुळत नाही. मला बेळगावच्या डॉक्टरांनी शेवटच्या इंजेक्शननंतर आठवडा जाऊ दिला, मग 2.5 दिलं, चार आठवड्यांनी 5. पहिला महिना भूक परत आली; खानापूरच्या बसला थांबले की शेजारच्या दुकानातल्या कुंद्यावरून नजर हटायची नाही. पण उलट्या झाल्या नाहीत.

आणि हो, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगाच. टिरझेपटाइड सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर 4 आठवडे त्या गोळ्यांवर विसंबता येत नाही.