आठवा महिना, घरात एकटी आणि वादळाचे दिवस. काय तयारी ठेवू?

खाडीकाठची

नमस्कार. मी दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या पुढच्या एका वाडीत राहते. पहिलटकरीण आहे. आठवा लागलाय, तारीख जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली दिली आहे. नवरा बोटीवर असतो, त्याचं कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरात संपेल. सासूबाई नाहीत. सासरे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला नणंदेकडे गेलेत, ते जूनच्या मध्यावर येतील. तोवर घरात मी एकटीच.

परवापासून बातम्यांत अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होतोय असं सांगताहेत. त्याचं वादळ होईलच असं नाही, झालं तरी इकडे येईलच असं नाही, हे कळतं. पण मे आणि जून हे आपल्याकडे वादळाचेच महिने. २०२० चं निसर्ग ३ जूनला आलं, २०२१ चं तौक्ते १७ मेला आपल्या किनाऱ्यावरून वर गुजरातला गेलं. दोन्ही वेळा मी लग्नाआधी चिपळूणला होते, त्यामुळे समुद्राजवळचं वादळ मी कधी अंगावर घेतलेलं नाही.

घर कौलारू, पडवीवर पत्रे. मागे नारळी-पोफळी, त्यातला एक माड स्वयंपाकघराच्या अंगाला कललेला आहे. पाणी विहिरीचं, पंपाने वर चढतं. वीज गेली की पाणी बंद. मोबाईलची रेंज एरवीसुद्धा ओटीवरच मिळते. हिमोग्लोबिन ९ च्या जवळ आहे, लोहाची सलाइन लावून झाली आहे.

सगळे म्हणतात, माहेरी जा. माहेर चिपळूणच्या बाजारपेठेत आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा आमचा तळमजला पूर्ण बुडाला होता, आईबाबा माळ्यावर बसून होते. माझी तारीख नेमकी जुलैची. म्हणजे जूनला इथे वादळाची भीती आणि जुलैला तिथे पुराची. मला रात्री झोप लागत नाही. अशा परिस्थितीतून कुणी गेलं असेल तर खरं काय होतं ते सांगा. "काळजी करू नकोस" असं कृपया लिहू नका.

आगरातली

तुझी पोस्ट वाचली आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. २०२० ला मी श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आठव्यातच होते. नवरा मुंबईत लॉकडाऊनमध्ये अडकलेला. घरात मी एकटी. तुला हवंय तसं, जसं झालं तसंच सांगते.

आदल्या दिवशी तलाठी आणि पोलीसपाटील रिक्षाला कर्णा लावून सांगत फिरले. किनाऱ्यालगतच्या लोकांना शाळेत हलवलं. माझं घरही कौलारू. शेजारच्या काकूंचं घर स्लॅबचं, त्या येऊन म्हणाल्या, "रात्रीच चल, उद्या सकाळी निघायला मिळायचं नाही." मी कपड्यांची पिशवी, फाइल आणि गोळ्या घेऊन गेले. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं गो, म्हणून आधी लिहिते. वादळाच्या दिवशी तू तुझ्या घरात असायचंच नाही. कौलं, पत्रे आणि कललेला माड असलेल्या घरात पोटुशी बाईने थांबण्यासारखं काहीही नाही. वाडीत स्लॅबचं घर कुणाचं आहे ते आजच बघ आणि आजच त्यांच्याशी बोल. आकाश फिरल्यावर नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी ११० किलोमीटरच्या आसपास होता असं नंतर वाचलं. आम्हाला आकडा कळला नाही, आवाज कळला. पोफळी मधोमध मोडताना फटाफट आवाज येतो आणि तो तासन्‌तास थांबत नाही. आम्ही माजघरात, खिडक्यांपासून लांब, भिंतीला टेकून बसलो होतो. मध्येच वारा एकदम पडला. मुलं बाहेर धावायला निघाली तर काकांनी दारात आडवे उभे राहून सगळ्यांना अडवलं. "वारा फिरणार आहे," म्हणाले. आणि फिरलाच, उलट्या दिशेने आला. पहिल्या झपाट्यात जी झाडं नुसती वाकली होती ती दुसऱ्यात गेली. वादळाचा मधला भाग डोक्यावरून जातो तेव्हा असं होतं. तेवढ्या वेळात कुणी घर बघायला बाहेर पडलं तर मोठा धोका, हे ध्यानात ठेव.

माझ्या घराची अर्धी कौलं गेली, वासे उघडे पडले. संध्याकाळी दारातून आगर बघितलं आणि रडले. सासऱ्यांनी लावलेली झाडं होती.

पण वादळ तर काही तासांचं. खरे हाल त्यानंतरचे, आणि त्याची तयारी कुणी करत नाही. रस्त्यावर झाडांचा इतका खच की पायी जायलाही वाट नाही. टॉवर बंद, मुंबईला मी जिवंत आहे हे कळवायला साधन नाही. खांब भातासारखे आडवे झालेले. काही वाड्यांत वीज यायला महिन्याच्या वर लागला. दुकानात मेणबत्त्या संपल्या, मग रॉकेल. ज्यांच्याकडे जनरेटर होता ते पैसे घेऊन मोबाईल चार्ज करून देत.

पाण्याचा त्रास सगळ्यांत मोठा. पंप बंद, मग रहाट. मी विहिरीवर गेलेच नाही, काकूंची मुलं दोन कळश्या रोज ठेवून जायची. विहिरीत पालापाचोळा आणि काय काय पडलेलं, म्हणून गाळून, चांगलं उकळून घेत होतो. लाकडं ओली, चुलीचा धूर भयंकर. मी पडवीत बसायचे, काकू रांधायच्या.

आशाताई दुसऱ्या दिवशी पडलेल्या झाडांवरून चढत, उतरत आली. तिच्याकडे गावातल्या गरोदर बायांची यादी असते, त्यात माझं नाव होतं म्हणून ती आली. पोरांनी कटर आणि कोयत्यांनी वाट मोकळी केली, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घेतलं आणि पुढे म्हसळामार्गे माणगावला मावसजावेकडे राहायला गेले. बाळंतपण तिकडेच झालं. मुलगी आता शाळेत जाते.

आता तुझ्यासाठी. पाणी भरून ठेवायचं ते पिंपं, हंडे, घागरी, जे असेल त्यात. वादळाचा इशारा आला की त्याच दिवशी, वीज असतानाच. अगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, खरेदी लवकर उरक. शिजवावं न लागणारं खाणं जवळ ठेव: चुरमुरे, फुटाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, पोहे. बॅटरी हवी, मेणबत्तीवर भिस्त नको, रात्री एकटीने जळती मेणबत्ती घेऊन मोरीत जाणं मला अजून भीतीचं वाटतं. नंबर मोबाईलमध्ये असून उपयोग नाही, कागदावर लिहून फाइलमध्ये ठेव. रोख पैसे ठेव, ऑनलाइन काही चालत नाही. आणि तो माड आत्ताच उतरवून घे. सासऱ्यांना फोनवर विचार, पण उतरव.

सिस्टरताई

मी आरोग्यसेविका आहे, किनाऱ्यावरच्या उपकेंद्रात बरीच वर्षं काम केलंय. आगरातली यांनी लिहिलेलं सगळं बरोबर आहे. माझ्या बाजूचं सांगते.

पहिलं काम, तुझ्या आशाला आजच सांग की सासरे येईपर्यंत तू घरात एकटी आहेस. यादीत नाव असतं, पण घरात दुसरं कुणी नाही हे यादीत नसतं. हिमोग्लोबिन कमी असल्यामुळे तू जोखमीच्या मातांमध्ये मोडतेस. इशारा आला की अशा मातांना आधीच दवाखान्याजवळ हलवायचा आमचा प्रयत्न असतो. तू स्वतः मागणी केलीस तर ते लवकर होईल. दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे. तारीख लांब असली तरी जाऊन राहायला लाजू नकोस.

तुला वाटेल, वाडीत जुन्या जाणत्या बाया आहेत, वेळ आली तर निभेल. निभत नाही असं मी म्हणत नाही. पण बाळंतपणानंतर रक्त जास्त जाऊ नये म्हणून जे ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात ते थंड ठेवावं लागतं, आणि तुझ्याकडे रक्त मुळातच कमी आहे. अंधाऱ्या घरात, रस्ता बंद असताना ती वेळ येऊ द्यायची नाही, म्हणून आधी हलायचं.

बाळाची हालचाल रोज बघ. जेवणानंतर डाव्या कुशीवर पड आणि मोज. दोन तासांत दहा वेळा हललं तर ठीक. वादळाच्या गडबडीत बायका हे विसरतात, मग संध्याकाळी आठवतं की आज बाळ फारसं हललंच नाही. तसं झालं, किंवा रक्त दिसलं, अंगावरून पाणी गेलं, डोकं सतत दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहऱ्यावर सूज आली, पोट ठरावीक अंतराने घट्ट होऊन दुखू लागलं, तर "उजाडल्यावर बघू" म्हणायचं नाही. १०८ किंवा १०२. तुझ्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ लावून बघ, तो कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही जातो. सगळेच टॉवर बंद असतील तर कुणाला तरी पोलीस ठाण्यात पाठव, त्यांच्याकडे वायरलेस असतो.

अजून एक, जे सहसा कुणी सांगत नाही. पूर किंवा वादळानंतर लेप्टोसाठी (घाण पाण्यातून होणारा ताप) गावात डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटतात. घरोघर वाटणारा नवीन मुलगा असतो, तो विचारेलच असं नाही. तू गरोदर आहेस हे आधी सांग. ती गोळी गरोदरपणात देत नाहीत, गरज पडली तर डॉक्टर दुसरं औषध देतात. चिखलपाण्यात अनवाणी जाऊ नकोस, पायाला चीर असेल तर मुळीच नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या महिनाभर पुरतील इतक्या आत्ताच मागून घे. माता-बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, एकात एक घालून ठेव.

निवृत्त_वायरमन

पोरी, विजेचं मी सांगतो. २०२० ला आमची माणसं बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या पथकांबरोबर राबत होती, तरी वेळ लागलाच. आधी अतिउच्चदाब वाहिन्या आणि विजेची उपकेंद्रं उभी करायची, मग ३३ आणि ११ केव्हीच्या (हजार व्होल्टच्या) लाइनी, त्यात दवाखाने आणि पाणीयोजना पहिल्या. वाडीचा डीपी (ट्रान्सफॉर्मर) आणि घराचा खांब सगळ्यांत शेवटी. डोंगरउतारावर खांब न्यायला गाडी जात नाही, माणसं खांद्यावर नेतात. म्हणून "दोन दिवसांत येईल" असं धरून बसू नकोस.

वारा सुरू व्हायच्या आधी मेन स्विच पाड. वादळानंतर अंगणात तार पडलेली दिसली तर ती मेलेली आहे असं समजू नकोस. जवळ जायचं नाही, कुंपणाच्या ओल्या तारेलाही हात लावायचा नाही. शेजारी कुणी जनरेटर लावला तर तो घराबाहेर, मोकळ्यावर हवा. पडवीत किंवा बंद खोलीत लावला तर त्याच्या धुरातला वायू माणसाला झोपेत मारतो, वासही येत नाही. आणि जनरेटर घराच्या वायरिंगला जोडताना मेन पाडलेला पाहिजे, नाहीतर वीज उलटी लाइनीत जाते आणि खांबावर चढलेला आमचा माणूस जातो. शेजाऱ्यांना हे माझ्या नावाने सांग.

खाडीकाठची

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. परवापासून बरंच हललं आहे.

माडाचं सासऱ्यांना विचारलं. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "उतरव." उद्या माणूस येतोय. आशाताईंना सांगितलं, त्या त्याच संध्याकाळी घरी येऊन गेल्या, फाइल बघितली. वरच्या आळीतल्या मास्तरांचं घर स्लॅबचं आहे. त्यांच्या बायकोशी बोलले, त्यांनी खोली रिकामी करून ठेवलीय. काका, जनरेटर त्यांच्याकडेच आहे, तुमचा निरोप पोचवला. तो मागच्या पडवीत होता, आता अंगणापलीकडच्या शेडमध्ये हलवताहेत.

चिपळूणबद्दल भावाशी बोलले. बाजारपेठेतल्या घरी नाही, त्याच्या सासऱ्यांचं घर शहराबाहेर उंचावर आहे, २०२१ ला तिथे पाणी आलं नव्हतं. जूनमध्ये सासरे परतले की मी तिकडे जाईन असं ठरतंय. एकच शंका. सिस्टरताई, दापोली ते चिपळूण रस्ता वळणावळणाचा, तेव्हा मला छत्तिसावा आठवडा लागलेला असेल. त्या वेळी गाडीतून जाणं चालेल का?

सिस्टरताई

छत्तिसाव्यापर्यंत थांबू नकोस. सासऱ्यांची वाट बघण्यापेक्षा पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारून जूनच्या पहिल्या आठवड्यातच निघ. सकाळच्या वेळी निघायचं, कुणालातरी सोबत घ्यायचं, मध्ये खेडला उतरून थोडं चालायचं. पट्टा पोटाखालून, मांड्यांवरून लावायचा. जाताना इथल्या तपासण्यांचे सगळे कागद ने आणि चिपळूणला पोचल्या पोचल्या तिथल्या दवाखान्यात नाव नोंदव, रक्ताचा गट आणि हिमोग्लोबिन त्यांना पहिल्याच दिवशी सांग. घराची किल्ली मास्तरांकडे दे. सासरे येतील, उघडतील.