मदत हवी आहे: नवऱ्याला स्टुटगार्टची नोकरी, माझं दातांचं क्लिनिक पुण्यात. तिघांनी एकदम जावं की टप्प्याटप्प्याने?

कदंबपान

पाच आठवड्यांत होकार-नकार कळवायचा आहे, म्हणून मुद्द्याचं तेवढं लिहिते.

नवरा मेकॅनिकल इंजिनिअर. स्टुटगार्टजवळच्या कंपनीची ऑफर आहे: वर्षाला ६२,००० युरो ग्रॉस, कायम करार, पहिले सहा महिने प्रोबेशन. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना जर्मनीत राहून काम करू देणारं कार्ड) मिळेल असं कंपनी म्हणते. मी बीडीएस, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी. कोथरूडला भाड्याच्या गाळ्यात स्वतःचं क्लिनिक आहे, एक्स-रे मशीनसह. जर्मन शून्य. मुलगी साडेतीन वर्षांची, जूनमधला जन्म. सासरे ७० वर्षांचे, आमच्यासोबतच राहतात.

मला तिथे दंतवैद्य म्हणून काम करता येईल का, आणि किती वर्षांनी? तोवर एका पगारात तिघांचं भागेल का? आणि निघायचंच असेल तर कोणी आधी, कोणी नंतर? "तो जातोय तर तूही जा, काहीतरी मिळेलच" हा सल्ला घरात भरपूर मिळालाय. मला आकडे आणि क्रम हवा आहे.

नेकारकाठ

व्हिसाची बाजू सोपी आहे, ती आधी संपवतो. ब्लू कार्डासाठी पगाराची सर्वसाधारण मर्यादा २०२५ ला ४८,३०० युरो होती, २०२६ ला ५०,७०० आहे. ६२,००० त्यात आरामात बसतात. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी ए१ जर्मनची अट नाही (भाषेच्या पातळ्या ए१ पासून ए२, बी१, बी२, सी१ अशा चढत जातात), आणि पोचल्यापासून कुठलीही नोकरी करायची मुभा आहे. म्हणजे तुमची अडचण व्हिसा नसून परवाना आहे. या दोन गोष्टींची गल्लत करणारे सल्लागार खूप भेटतील.

कंपनीला 'वेगवान कुशल कामगार प्रक्रिया' सुरू करायला सांगा. परदेशी नागरिक कार्यालयाची फी ४११ युरो आहे. नवऱ्याच्या व्हिसानंतर सहा महिन्यांत तुम्ही आणि मुलीने अर्ज केला तर तुम्हालाही तिचा फायदा मिळतो. हा सहा महिन्यांचा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या वेळापत्रकात तो उपयोगी पडेल.

नावांचं आत्ताच बघा. आपल्याकडे पासपोर्टवर 'नाव + नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव' हे दोन्ही पहिल्या नावाच्या रकान्यात जातं. विवाह नोंदणी दाखला, मुलीचा जन्मदाखला, पदवी आणि तिघांचे पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा. पदवी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने असेल तर दोन्ही नावं जोडणारा विवाहदाखला प्रत्येक अर्जाला लागेल. दुरुस्त्या महापालिकेत करून घ्यायला पुण्यात असतानाच वेळ मिळतो. अपोस्टिलच्या, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरावा यासाठीच्या सरकारी शिक्क्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. भारताच्या अपोस्टिल करारातल्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतलेली असल्याने तो शिक्का तिथे धरत नाहीत. मुंबईच्या वकिलातीची यादी मागते तेवढंच करा.

अक्कलदाढ

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यात दडलंय, म्हणून परवान्याबद्दल सविस्तर लिहिते.

जर्मनीत दंतवैद्याचा कायमचा परवाना म्हणजे आप्रोबात्सिओन. तो प्रत्येक राज्य वेगळा देतं. तुमचं राज्य बाडेन-व्युर्टेमबर्ग, कार्यालय रेगीरुंग्सप्रेझिडियुम स्टुटगार्ट. वाटेत दोन मोठे घाट आहेत. पहिला भाषेचा: रोजच्या जर्मनसाठी बी२ प्रमाणपत्र आणि त्यावर सी१ पातळीची व्यावसायिक भाषेची परीक्षा, फाखश्प्राखप्रूफुंग. तिच्यात वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात. आधी रुग्णाशी बोलून माहिती काढायची, मग तीच लेखी अहवालात मांडायची, शेवटी वरिष्ठ डॉक्टरला केस समजावून सांगायची. बहुतेकजण अडखळतात ते लेखी भागात, कारण रुग्ण "दाढ ठणकतेय" म्हणतो ते वीस मिनिटांत शुद्ध वैद्यकीय जर्मनमध्ये उतरवावं लागतं. श्वाबेन, म्हणजे स्टुटगार्टच्या भागातले रुग्ण पुस्तकी जर्मन बोलत नाहीत, ही अडचण वेगळी.

दुसरा घाट ज्ञानाचा. तुमचा अभ्यासक्रम जर्मन अभ्यासक्रमाशी समकक्ष आहे का हे कागदांवरून तपासतात. त्यासाठी विषयवार तास लागतात, थिअरी आणि प्रॅक्टिकल वेगवेगळे, विद्यापीठाच्या शिक्क्यासह. नुसती गुणपत्रिका चालत नाही. बीडीएसच्या बाबतीत कागदावर पूर्ण समकक्षता मिळेल यावर विसंबू नका. ही तपासणी सोडून थेट केंटनिसप्रूफुंग, म्हणजे ज्ञानपरीक्षा, देता येते आणि त्यात महिने वाचतात. तिच्यात तोंडी आणि प्रात्यक्षिक दोन्ही असतं. नापास झालात तर आणखी दोनदा देता येते, त्यापुढे नाही. म्हणून "बघू तरी कशी असते" म्हणून बसायची ही परीक्षा नव्हे.

या दोन घाटांच्या मधे एक धर्मशाळा आहे: बेरूफ्सएरलाउबनिस, तात्पुरता परवाना. भाषेच्या दोन्ही परीक्षा झाल्यावर तो मागता येतो. जास्तीत जास्त दोन वर्षं, त्याच राज्यात, देखरेखीखाली काम. पगार मिळतो आणि ज्ञानपरीक्षेची तयारी खुर्चीपाशी उभं राहून होते. त्यासाठी तुम्हाला ठेवून घेणारा दवाखाना मात्र आधी शोधावा लागतो.

वेळेचा हिशोब: शून्यापासून बी२ पर्यंत रोज तीन-चार तास दिले तर १२ ते १५ महिने. व्यावसायिक परीक्षेची तयारी आणि तारीख मिळणं, आणखी ४ ते ६ महिने. मग तात्पुरता परवाना, आणि ज्ञानपरीक्षा पास होईपर्यंत साधारण एक वर्ष. म्हणजे आज सुरुवात केली तर पहिला दंतवैद्याचा पगार दीड-दोन वर्षांनी आणि कायमचा परवाना तीन वर्षांच्या आसपास. सरकारी विम्याच्या रुग्णांसाठी स्वतःचा दवाखाना काढायचा तर त्यानंतर दोन वर्षांचा तयारीचा काळ वेगळा. मधल्या काळात दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करायला परवाना लागत नाही, आणि भाषेसाठी त्याच्याइतका चांगला वर्ग नाही.

हिशोबवही

पैशाचं. करवर्ग तीन मिळाला तर ६२,००० ग्रॉसमधून २०२५ च्या दरांनी महिन्याला साधारण ३,६०० युरो हातात येतात. हा वर्ग जोडीदार जर्मनीत राहत असेल तरच मिळतो. नवरा एकटा तिथे असेपर्यंत करवर्ग एक, म्हणजे साधारण ३,२३०. वेगळं राहण्याची किंमत महिन्याला ३७० युरो, वर दुसऱ्या घराचा खर्च.

तिघांचं बजेट असं धरा. स्टुटगार्ट परिसरात तीन खोल्यांचं घर, गरम पाणी-हीटिंगसह, १,५०० ते १,८००. किराणा ५५० ते ६००. बालवाडी आणि तिथलं जेवण २०० ते ३००. वीज, इंटरनेट, फोन १३०. प्रसारण शुल्क १८.३६, टीव्ही नसला तरी. प्रवासी पास, कपडे, तुमचा भाषावर्ग हे वेगळं. मुलीचा बालभत्ता २०२५ ला २५५ युरो होता, २०२६ ला २५९. म्हणजे भागेल, महिन्याला चार-पाचशे उरतीलही, पण पुण्यातला कुठलाही हप्ता त्यातून भरायचा बेत असेल तर नाही.

सुरुवातीला एकरकमी लागणारे पैसे लोक विसरतात. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं 'थंडं' भाडं, म्हणजे हीटिंग-पाणी वगळून, ते तीन मासिक हप्त्यांत द्यायचा कायदेशीर हक्क आहे. घरं बऱ्याचदा स्वयंपाकघराशिवाय मिळतात, अगदी सिंकसुद्धा नसतं. हे सगळं धरून १०,००० युरो हाताशी हवेत. म्हणून सही करण्याआधी कंपनीकडून लेखी मागा: तिघांची तिकिटं, दोन-तीन महिने सुसज्ज घर आणि तुमचा भाषावर्ग. घर असं हवं की मालक नोंदणीसाठी राहण्याचा दाखला देईल. तो नसेल तर दोन आठवड्यांच्या आत करायची पत्तानोंदणी अडते, आणि तिच्यामागे करक्रमांकापासून बँकेपर्यंत सगळं रखडतं. नोकरी लवकर सोडल्यास हे पैसे परत मागण्याचं कलम करारात आहे का, तेही वाचा.

आरोग्य विमा: या पगाराला सरकारी विमा सक्तीचा आहे, खासगी विम्याच्या एजंटांशी बोलूच नका. तुम्ही आणि मुलगी त्याच हप्त्यात मोफत येता, पण तुमचं स्वतःचं उत्पन्न महिन्याला ५३५ युरोच्या (२०२५) आत असेल तरच. भारतातलं उत्पन्नही त्यात मोजलं जातं. क्लिनिक तुमच्या नावावर चालू ठेवून दुसऱ्या डॉक्टरला बसवणार असाल, तर विमा कंपनी तुम्हाला स्वयंरोजगारी धरू शकते. आधी लेखी विचारा.

पाटीपेन्सिल

लेकीचं कोणीच बोललं नाही, आणि माझ्या मते वेळापत्रक तिच्यावरून ठरायला हवं. त्या राज्यात ३० जूनपर्यंत सहा पूर्ण होणारी मुलं त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पहिलीत जातात. जूनचा जन्म म्हणजे ती वर्गातली सगळ्यात लहान असणार. आत्ता गेलात तर तिला जवळजवळ अडीच वर्षं जर्मन बालवाडी मिळते आणि भाषेचा प्रश्न खेळता खेळता सुटतो. दीड वर्ष थांबलात तर एका वर्षात भाषा, शाळा आणि नवं शहर हे सगळं तिच्यावर एकदम येईल. शाळाप्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो, पण त्यासाठी वेगळी मंजुरी लागते.

जागा मिळणं सोपं नाही. एक वर्षापुढच्या मुलांना जागेचा कायदेशीर हक्क असूनही शहरांत प्रतीक्षा यादी असते. बाबा आधी पोचणार असतील तर पत्तानोंदणी होताच हे काम त्यांनी हातात घ्यावं. गोवराच्या दोन डोसांचा तारखांसह पुरावा नसेल तर प्रवेश देत नाहीत. २०२० पासून तसा कायदाच आहे. लसीकरण कार्डावरची शाई पुसट असेल तर डॉक्टरांकडून नवं, इंग्रजीत लिहून घ्या.

कदंबपान

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे मुलगी सांगते लवकर जा, परवाना सांगतो बी२ करून जा. क्लिनिक प्रोबेशन संपेपर्यंत ठेवावं का? आणि सासऱ्यांना नंतर नेता येतं का?

नेकारकाठ

प्रोबेशनमध्ये दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं, आणि बेकारी भत्त्याला १२ महिन्यांची वर्गणी लागते. नोकरी गेली तर परदेशी नागरिक कार्यालय दुसरी शोधायला साधारण तीन महिने देतं. त्यामुळे ते सहा महिने क्लिनिक चालू राहू द्या, गाळ्याचा करार दीर्घ मुदतीने वाढवू मात्र नका. नवऱ्याने आधी जावं. तुम्ही तोवर पुण्यात बी१ गाठा आणि कागद गोळा करा. त्याच्या व्हिसापासून सहा महिन्यांच्या आत तुमचा अर्ज टाका, सातव्या-आठव्या महिन्यात पोचा. बी२ आणि सी१ तिथे, ऐकत-बोलत जास्त वेगाने होतं. मुलीलाही दीड-दोन वर्षांची बालवाडी मिळते.

सासऱ्यांसाठी: १ मार्च २०२४ पासून नव्याने आलेल्या कुशल कामगारांना आईवडील नेण्याची कायदेशीर वाट आहे, पण त्यांच्या आरोग्य विम्याचा पुरावा लागतो आणि ७० व्या वर्षी तो मिळणं हीच खरी अडचण. १८० दिवसांत ९० दिवसांचा पर्यटक व्हिसा एवढंच गृहीत धरा आणि पुण्यात त्यांच्यासोबत कोण राहील हे निघण्याआधी पक्कं करा.

आणखी एक, कोणी तोंडावर सांगत नाही म्हणून लिहितो. तुमचं वास्तव्य सुरुवातीला नवऱ्याच्या कार्डावर अवलंबून असतं. स्वतंत्र हक्क साधारणपणे तिथे तीन वर्षं एकत्र संसार झाल्यावर मिळतो, छळासारख्या प्रसंगी त्याआधीही. स्वतःच्या नावाचं बँक खातं पहिल्याच महिन्यात उघडा.

अक्कलदाढ

कागदांचा क्रम चुकवू नका. ज्यांना मुदत नसते ते आधी: विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, तासांसह अभ्यासक्रम, इंटर्नशिपचा दाखला. हे नाशिकहून यायला वेळ लागतो, याच आठवड्यात अर्ज टाका. राज्य दंत परिषदेचं गुड स्टँडिंग प्रमाणपत्र (नोंदणी चालू आहे आणि तुमच्यावर कारवाई नाही याचा दाखला) आणि पासपोर्ट कार्यालयाचा पोलिस दाखला सगळ्यात शेवटी, कारण तीन महिन्यांपेक्षा जुने झाले की परत मागतात. परिषदेची नोंदणी मात्र लॅप्स होऊ देऊ नका, ती जिवंत नसेल तर गुड स्टँडिंगच मिळणार नाही. साक्षांकित प्रती इथल्या नोटरीकडून नकोत, वकिलातीतून घ्या. भाषांतर जर्मनीतल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून.

कदंबपान

नोंद केली. एक राहिलं: क्लिनिक विकताना एक्स-रे मशीन नव्या डॉक्टरला नुसतं देऊन टाकलं तर चालेल ना?

अक्कलदाढ

नाही. मशीन अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर तुमच्या नावे आहे. हस्तांतराची नोंद तिथे झाल्याशिवाय ते हलवू देऊ नका, नाहीतर त्या मशीनची जबाबदारी कागदावर तुमचीच राहील. घेणाऱ्याची ई-लोरावर संस्था म्हणून नोंदणी आहे का ते आधी विचारा, नसेल तर त्यालाच काही आठवडे लागतील. जैववैद्यकीय कचऱ्याचा करारही त्याच दिवशी लेखी बंद करून पोच घ्या.