महाविद्यालयीन विषयाचे व्हिडिओ : तासाचे चित्रीकरण करावे की पाठ नव्याने बांधावा?

स्थापत्य_अध्यापिका (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शाखेच्या द्वितीय वर्षाला ‘स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स’ शिकवते. मागील सत्रात शिअर फोर्स (तुळईला आतून कापू पाहणारे बल) आणि बेंडिंग मोमेंट (तुळईला वाकवू पाहणारा परिणाम) यांच्या आकृत्यांचे चारही तास मी वर्गातच, मागच्या बाकावर स्टँड ठेवून, मोबाइलवर चित्रित केले आणि विद्यार्थ्यांसाठी अपलोड केले. ज्यांचा तास बुडतो किंवा ज्यांना एकदा ऐकून समजत नाही त्यांना घरी पुन्हा पाहता यावे आणि वर्गातला वेळ उदाहरणे सोडविण्यासाठी मोकळा व्हावा, हा हेतू होता. प्रत्येक व्हिडिओ सुमारे ५० मिनिटांचा आहे.

सत्र संपल्यावर कोणी कुठपर्यंत पाहिले याचा आलेख उघडला, तेव्हा मन खट्टू झाले. बहुतेक जण पाचव्या-सहाव्या मिनिटाला निघून जातात. तिसऱ्या व्हिडिओत मात्र ३१व्या मिनिटापाशी आलेख पुन्हा वर चढतो. तेथे ओव्हरहँगिंग बीमचे (आधाराच्या पुढे टोक बाहेर आलेल्या तुळईचे) एक उदाहरण मी पूर्ण सोडवून दाखविले आहे, आणि परीक्षेच्या आदल्या दोन दिवसांत बरेच विद्यार्थी थेट तेवढाच भाग पाहून गेलेले दिसतात.

सुट्टीत हा घटक नव्याने चित्रित करण्याचा विचार आहे. व्हिडिओ किती लांबीचा असावा, माझा चेहरा सतत दिसावा का, आणि बोलणे मराठीत ठेवावे की इंग्रजीत, याबाबत अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. निम्म्याहून अधिक विद्यार्थी बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले आहेत, परीक्षा मात्र इंग्रजीत आहे. महाविद्यालयात स्टुडिओ नाही; माझी खोली रस्त्यालगत आहे.

निवृत्त_अध्यापक_पुणे

मॅडम, आलेख पाहून वाईट वाटून घेऊ नका. ३१व्या मिनिटाचा तो चढ म्हणजे तुमच्या विद्यार्थ्यांनी तुम्हाला दिलेले उत्तर आहे. त्यांना कुठे अडते हे त्यांनी नेमके दाखवून दिले आहे.

१५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ दूरदर्शनवर सुरू झाला, तेव्हा प्रेक्षकाला कार्यक्रम थांबविता येत नव्हता की मागे नेता येत नव्हता. निसटले ते निसटले. म्हणून मुद्दा पुन्हा पुन्हा सांगणे त्या माध्यमात योग्यच होते. आज थांबविण्याचे बटण विद्यार्थ्याच्या बोटाखाली आहे, तरीही आपण पाठाची बांधणी जुन्याच पद्धतीने करतो. तासातली हजेरी, मागच्या तासाची उजळणी, फळा पुसण्याचा वेळ, मागच्या बाकाला दिलेली समज हे सारे वर्गात आवश्यक असते. घरी एकट्याने पाहणाऱ्यासाठी त्यातले काहीच नसते.

लांबीबद्दल २०१४ सालचा एक अभ्यास नेहमी सांगितला जातो. त्यात एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरील चार अभ्यासक्रमांची सुमारे ६९ लाख पाहण्याची सत्रे तपासली होती, आणि व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी टिकून राहण्याचा मध्यक सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. हा आकडा लक्षात ठेवावा, पण त्याची पूजा करू नये. कारण त्यात पाहणे मोजले आहे, शिकणे नव्हे. घड्याळ लावून ५० मिनिटांचे आठ तुकडे केले तर आठ अर्धवट तुकडेच हाती येतील. माझ्या मते एका व्हिडिओत एकच अडचण घ्यावी. तुळई मनाने कापल्यावर आत कोणते बल प्रकट होते, हा एक. चिन्हांचा संकेत, हा दुसरा. मग पॉइंट लोड (एकाच बिंदूवरचा भार), पसरलेला भार, आणि शेवटी ओव्हरहँग व पॉइंट ऑफ कॉन्ट्राफ्लेक्शर (तुळईच्या वाकण्याची दिशा जिथे उलटते तो बिंदू). कोणी चार मिनिटांचा होईल, कोणी नऊ.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. सिडनी विद्यापीठात डेरेक म्युलर यांनी २००८ च्या आपल्या प्रबंधात भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंची तुलना केली. निव्वळ स्वच्छ, सुबक स्पष्टीकरण पाहिलेल्या विद्यार्थ्यांनी ‘छान समजले’ असे सांगितले, परंतु चाचणीत त्यांची प्रगती अल्प होती. ज्या व्हिडिओत विद्यार्थ्यांचे नेहमीचे गैरसमज आधी मांडून मग खोडले होते तो पाहणाऱ्यांना गोंधळल्यासारखे वाटले, आणि शिकले मात्र तेच अधिक. आपल्या विषयात असे गैरसमज पुष्कळ आहेत. ‘बेंडिंग मोमेंट नेहमी मध्यभागीच सर्वाधिक असतो’ हा त्यातला सर्वांत चिवट, कारण मध्यावर भार असलेले उदाहरण आपणच सर्वप्रथम शिकवितो.

त्यासाठी ६ मीटरची सिम्पली सपोर्टेड बीम (दोन्ही टोके आधारांवर नुसती टेकलेली तुळई) घ्या आणि डाव्या आधारापासून २ मीटरवर १२ किलोन्यूटनचा भार ठेवा. उत्तर सांगण्यापूर्वी विचारा : ‘सर्वाधिक बेंडिंग मोमेंट कुठे असेल? व्हिडिओ थांबवा आणि वहीत खूण करा.’ त्यानंतर पाच सेकंद खरोखर गप्प राहा. मग आधारांच्या प्रतिक्रिया ८ आणि ४ किलोन्यूटन काढा, भाराखाली १६ आणि मध्यभागी १२ किलोन्यूटन-मीटर येते हे दाखवा, आणि शिअर फोर्सची आकृती नेमकी भाराखालीच चिन्ह बदलते याकडे लक्ष वेधा. ज्याने मध्यावर खूण केली असेल त्याला हा नियम पाठ करावा लागत नाही.

पाठाच्या अधेमधे असे प्रश्न पेरल्यास मन भरकटणे कमी होते आणि टिपणे अधिक घेतली जातात, असे २०१३ मधील एका प्रयोगात दिसले आहे. तेथे संख्याशास्त्राचे चित्रित व्याख्यान चार भागांत तोडून मध्ये लहान चाचण्या ठेवल्या होत्या.

ध्वनी_आणि_प्रकाश

मी एका विद्यापीठाच्या चित्रीकरण कक्षात तंत्रसाहाय्यक आहे, म्हणून केवळ माझ्या कामापुरते लिहितो. चित्र थोडे धूसर असले तर विद्यार्थी सहन करतो. आवाज खराब असला की तो निघून जातो. शेवटच्या बाकावरचा मोबाइल तुमच्या आवाजापेक्षा पंखा आणि भिंतींचा घुमारा अधिक टिपतो. त्यामुळे पहिला खर्च कॅमेऱ्यावर नव्हे, कॉलर माइकवर करावा. तो हनुवटीखाली सुमारे एक वीत अंतरावर लावावा. मंगळसूत्र किंवा ओढणी त्यावर घासली तर खरखर येते, आणि टेबलावर लिहिताना बांगड्यांचा आवाज तुमच्या लक्षात येत नाही, पण हेडफोन लावलेल्याला प्रत्येक वेळी टोचतो. त्या वेळेपुरते हे बाजूला ठेवावे.

रस्त्यालगतची खोली असेल तर पहाटेची वेळ निवडा, पंखा बंद करा, आणि समोरच्या भिंतीवर गोधडी किंवा जाड सतरंजी टांगा. बोलण्यापूर्वी दहा सेकंदांची शांतता मुद्रित करून ठेवा. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरला त्या शांततेवरून मागची घरघर ओळखता येते आणि बरीचशी काढूनही टाकता येते. मात्र ही सफाई बेताने करावी. अति केल्यास माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. आवाजाची उंच टोके उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिली की पुरे.

प्रकाशासाठी खिडकी तुमच्या समोर असावी, पाठीमागे नको. दिव्याखाली चित्रीकरण करताना पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याचे शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवून पाहा, कारण आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे आणि बहुधा पट्टे नाहीसे होतात. कागदावरच्या लेखनासाठी ७२०पी पुरेसे असते. दर सेकंदाला १ मेगाबिट या दराने ८ मिनिटांचा व्हिडिओ साधारण ६० मेगाबाइटचा होतो, आणि रोजच्या डेटात बसविणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचे मोल असते.

दोन_रकाने

निवृत्त सरांचे जवळजवळ सर्व मान्य आहे, परंतु एका ठिकाणी माझे मत निराळे आहे. पूर्ण सोडविलेले मोठे उदाहरण तोडू नये. प्रतिक्रिया एका व्हिडिओत, शिअर फोर्स दुसऱ्यात आणि बेंडिंग मोमेंट तिसऱ्यात असे केले, तर एकाखाली एक काढलेल्या तीन आकृत्यांचा संबंध तुटतो, आणि तो संबंध हाच तर या घटकाचा प्राण आहे. भारापासून खाली उतरणारी तुटक रेषा तिन्ही आकृत्यांतून जाताना एका दमात दिसली पाहिजे. असा व्हिडिओ १४ मिनिटांचा झाला तरी चालेल. फक्त त्याचे टप्पे वेळेसह खाली लिहून द्यावेत.

संहितेविषयी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाची पद्धत मला फार उपयोगी पडली. तेथे साधारण दहा मिनिटांच्या पाठासाठी दोन रकान्यांची संहिता लिहितात. एका रकान्यात पडद्यावर काय दिसेल ते असते, दुसऱ्यात त्या क्षणी उच्चारायचे वाक्य. विषय ठाऊक नसलेल्या व्यक्तीकडून ती तपासूनही घेतात. मी हे काम प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीकडे दिले होते. ‘सर, येथे तुम्ही एक पायरी गाळली आहे,’ असे तिने पहिल्याच पानावर तीन वेळा लिहिले.

भाषेबद्दल माझा अनुभव असा, की बोलणे मराठीत आणि पडद्यावरील शब्द इंग्रजीत ठेवावेत. ‘शिअर फोर्स’ला वर्गात कोणी ‘कर्तन बल’ म्हणत नाही, पण तो डाव्या भागाला वर आणि उजव्या भागाला खाली सरकवू पाहतो, हे मराठीत सांगितले की मुलांच्या चेहऱ्यावर दिसते. परीक्षेच्या उत्तरात जे वाक्य इंग्रजीत लिहायचे आहे ते शेवटी एकदा सावकाश इंग्रजीत म्हणावे. मात्र जे बोलतो तेच संपूर्ण वाक्य पडद्यावर लिहू नये. डोळे वाचत असताना कान मागे पडतात. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या बहुमाध्यमी अध्ययनाच्या तत्त्वांमध्येही अशा द्विरुक्तीविरुद्ध स्पष्ट सूचना आहे.

चेहऱ्याचे म्हणाल, तर सुरुवातीचे अर्धे मिनिट दिसावा, आणि फोमची पट्टी हातांनी वाकवून सॅगिंग (मध्ये खाली झुकणे) आणि हॉगिंग (मध्ये वर उचलले जाणे) दाखविताना दिसावा. आकृती सुरू झाली की केवळ कागद आणि हात. मोबाइल स्टँडवर उलटा टांगून आलेखकागदावर लिहावे. तुळई आधीच काढून ठेवावी, पण आकृती मात्र विद्यार्थ्यासमोर रेषा-रेषेने उमटू द्यावी.

तृतीयवर्ष_विद्यार्थी

मॅडम, मी तुमच्या महाविद्यालयाचा नाही, परंतु मागील वर्षी हाच विषय बहुतांशी व्हिडिओंवरून शिकलो, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो. मी गावाहून रोज एसटीने येतो आणि जाण्यायेण्याची दोन तासांची वेळ हीच माझी पाहण्याची वेळ असते. गर्दीत मोबाइल खिशात ठेवून पुष्कळदा केवळ ऐकावे लागते. अशा वेळी शिक्षक ‘हे बघा, इथून इथपर्यंत असे येते’ म्हणतात तेव्हा काहीच हाती लागत नाही. ‘सी बिंदूपासून डी बिंदूपर्यंत रेषा तिरकी खाली उतरते’ असे म्हटले तर आकृती मनात उभी राहते. माझ्या वर्गातील एका मित्राची दृष्टी फार कमी आहे. त्याला तर याच वाक्यांचा आधार असतो. आणखी एक विनंती : व्हिडिओचे नाव ‘लेक्चर ३’ असे न ठेवता ‘ओव्हरहँगिंग बीम, एका टोकाला पॉइंट लोड’ असे ठेवावे. परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही तेच शोधत असतो.

स्थापत्य_अध्यापिका

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. सरांचे ६ मीटरच्या तुळईचे उदाहरण घेऊन काल पहिला पाठ तयार केला. दोन रकान्यांची संहिता लिहिण्यास तीन संध्याकाळी लागल्या, चित्रीकरण मात्र पहाटे चाळीस मिनिटांत आटोपले. व्हिडिओ सात मिनिटांचा झाला. गोधडीने खोलीचा घुमारा खरोखर गेला. विद्यार्थ्याने सांगितल्याप्रमाणे डोळे मिटून एकदा ऐकला, तेव्हा नऊ ठिकाणी ‘इथे’ सापडले. ते सर्व बदलले.

एक शंका उरली आहे. चौथ्या मिनिटाला मी सॅगिंगच्या जागी हॉगिंग म्हणून गेले आहे. आकृती बरोबर आहे. व्हिडिओखाली दुरुस्ती लिहून चालेल का?

निवृत्त_अध्यापक_पुणे

नाही मॅडम. खालची ओळ फारच थोडे वाचतात, आणि एसटीत ऐकणाऱ्यापर्यंत ती पोहोचतच नाही. चिन्हांची चूक एकदा कानात बसली की निघता निघत नाही. त्या वाक्याच्या आधीच्या विरामापासून पुढच्या विरामापर्यंतचा आवाज त्याच खोलीत, त्याच वेळी, माइक तितक्याच अंतरावर ठेवून पुन्हा मुद्रित करा आणि त्या जागी बसवा. चित्र बदलण्याची गरज नाही.